धोंड्याच्या महिन्यात गल्ली रिकामी झाली

आमची गल्ली बजाजनगरच्या मागच्या अंगाला आहे, जिथं पक्की घरं संपतात आणि पत्र्याच्या खोल्या सुरू होतात. आमचे मालक कंपनीत होते तेव्हा त्यांनी इथं प्लॉट घेतला, पुढं घर बांधलं आणि मागं ओळीनं तीन खोल्या काढल्या. ते गेले, खोल्या राहिल्या. मुलगा पुण्याला असतो. त्याच्याकडं मी एकदा राहून आले. लिफ्टचं बटण दाबायला शिकले आणि परत आले. तिथं दार लावलं की लावलं.

इथं भाडेकरू येतात आणि जातात. नाव पाठ होईपर्यंत खोली सोडतात. म्हणून बायका एकमेकींना गावावरनं ओळखतात. आमच्या शेजारी बीडवाली, तिचा नवरा कंपनीत प्रेस मशिनवर काम करतो, ती घरी एकट्या राहणाऱ्या कामगार पोरांचे डबे करते. समोर जालन्यावाली, ती शिवणकाम करते. कोपऱ्यावर वैजापूरवाली, तिच्या नवऱ्याची जीप आहे, तो कामगारांना कंपनीत नेतो-आणतो. तिघींच्याही तोंडी एकच वाक्य असायचं, "मावशी, आपलं इथं कोण हाय?" आणि एवढं म्हणून प्रत्येकजण आपलं दार ओढून घ्यायची. एकीला ताप आला तर दुसरीला चार दिवसांनी कळायचं, तेही कचऱ्याच्या गाडीपाशी.

मग एका संस्थेची ताई आली. शहरातून स्कूटीवर यायची, उन्हानं तोंड लाल झालेलं. तिला बायकांचा गट करायचा होता. कर्जाचा नाही, बचतीचा नाही, नुसता एकमेकींच्या उपयोगी पडायचा. बायकांना ते पटेना. पैसे नाहीत तर गट कशाला, असं जालन्यावालीनं तोंडावर विचारलं. ताईला बसायला जागा हवी होती आणि माझा ओटा मोठा आहे, एवढ्यावर मी त्यात सापडले.

मी तिला म्हणाले, "बाई, ह्यांना एकमेकीकडं बघायला वेळ कुठाय? हिच्याकडं नळ येतो तेव्हा ती कंपनीत असती."

ती म्हणाली, "म्हणून तर आजी. वेळ वाटून घ्यायला शिकायचं."

पहिल्याच बैठकीत तिनं सगळ्यांना अंगणातले खडे गोळा करायला लावले. रात्री-अपरात्री हाक मारली तर धावून येईल, असं इथलं जे माणूस असेल त्याच्या नावानं एकेक खडा पुढं ठेवायचा. कुणी एक ठेवला, कुणी दोन. माझ्या मधल्या खोलीत राहणारी बाई ओंजळ धरून नुसती बसली. मग माझ्याकडं बघून म्हणाली, "घरमालकीणबाईंचा ठेवला तर चालंल का?"

मी म्हणाले, "ठेव. पण खडा ठेवला म्हणून भाडं माफ नाही."

सगळ्या हसल्या. तीही हसली. ती हसते हे मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

ही मधल्या खोलीतली बाई मेंढरं राखणाऱ्या घरातली. तिचं माहेर म्हणजे चालतं माहेर. आईबाप नाहीत, एक भाऊ आहे, तो दिवाळी झाली की मेंढरं घेऊन निघतो आणि पावसाळ्याच्या तोंडावर परततो. गावात एक खोपटं आहे, त्याला आठ महिने कुलूप. नवरा कंपनीत लागला म्हणून ती इथं आली. दोन वर्षांनी नवऱ्याला ठेकेदारानं ब्रेक दिला, म्हणजे कामावरून काढलं, तो काम शोधायला पुण्याला गेला. आधी फोन यायचा, मग येईना, मग लागेना. मेला म्हणावं तर मेला नाही, आहे म्हणावं तर दिसत नाही. ती मागं राहिली आणि तिच्याजवळ पाच वर्षांची लेक. बाई स्वतः पॅकिंगला लागली. एक आठवडा पहिली पाळी, एक आठवडा दुसरी.

सासर दौलताबादच्या पुढं एका खेड्यात. थोडी जमीन, सासू, थोरला दीर, जाऊ. जावेला मूल नाही. सासूचा फोन दर पंधरा दिवसांनी यायचा आणि त्यात एकच बोलणं असायचं, "लेकरू आमचं हाय. कोंडून ठिवतीस त्याला. इकडं आणून सोड." कोंडून ठेवते हे खरं होतं. गट व्हायच्या आधी ती लेकराला खोलीत बसवायची, पुढ्यात मुरमुरे आणि पाणी ठेवायची, बाहेरून कडी लावून कामाला जायची. अंगणवाडीच्या वेळेला मी कडी काढून पोहोचवायची, परत आणून कडी लावायची. मला म्हणायची, "मावशी, एकदा तिकडं गेलं की लेकरू माझं ऱ्हाणार नाय. त्यांला माझा भरवसा नाय, मला त्यांचा नाय."

गटाचा पहिला उपयोग झाला तो या लेकराला. ताईनं काही शिकवलं नाही, बायकांनीच केलं. एके दिवशी कडी लावलेल्या दारामागं लेकरू रडत होतं आणि बीडवाली डबे बांधत होती. ती आली, कडी काढली, लेकराला काखेला मारलं आणि पोळ्या लाटता लाटता पाटापाशी बसवलं. संध्याकाळी आई आल्यावर तिला म्हणाली, "कडी लावू नको. मला आवाज सहन व्हत नाय, माझ्या पोळ्या करपतात."

तिथून पाळी लागली. सकाळी बीडवाली, दुपारी जालन्यावाली, संध्याकाळी वैजापूरवाली, आणि कुणी नसेल तेव्हा मी. लेकराला पाळ्या पाठ झाल्या. उठल्यावर आईला विचारायचं, "आज फस्ट का सेकंड?" आणि त्यावरून आज कुणाकडं जेवायचं ते त्याचं तेच ठरवायचं. जालन्यावालीकडं चिंध्या मिळायच्या, बीडवालीकडं गरम पोळी. माझ्याकडं काही मिळत नाही म्हणून माझ्याकडं यायला कुरकुर करायचं.

"आजी नुसती तिखट बोलती," असं एकदा सगळ्यांसमोर म्हणालं.

"खाऊन तर बघ," मी म्हणाले.

हिवाळा असा गेला. बदल्यात ती बाईही करायची. दुसरी पाळी असली की सकाळी बीडवालीच्या भाज्या चिरायची, वैजापूरवालीची सासू गावावरनं आली की तिला रविवारी दवाखान्यात न्यायची. तिच्या स्वतःच्या सासूचे फोन येत राहिले, पण आता ती उत्तर द्यायची. एकदा मी ऐकलं, "कोंडीत नाय आता. चार घरं हायत लेकराला." फोन ठेवला आणि भांडी घासायला बसली, जोरात घासत होती. जूनमध्ये लेकराला पहिलीत घालायचं, इथंच, गल्लीच्या मागच्या शाळेत, असं ठरलं होतं. जालन्यावालीनं गणवेशाचं माप घेऊनही ठेवलं होतं. संस्थेची ताई खूश होती. शहरातून पाहुणे आणून तिनं आमचा ओटा दाखवला.

त्या वर्षी अधिक महिना उन्हाळ्यात आला. आमच्याकडं त्याला धोंड्याचा महिना म्हणतात. तीन वर्षांनी एकदा येतो आणि त्यात लेकीला आणि जावयाला माहेरी बोलावून पुरणाचे धोंडे जेवू घालायचे, अनारशांचं वाण द्यायचं, लुगडं-चोळी करायची. बोलावणं आलं आणि लेक गेली नाही, असं होत नाही. माहेरचे लोक तीन वर्षं ते बोलून दाखवतात. एरवीही मे महिन्यात पोरांना सुट्ट्या लागल्या की अर्धी गल्ली गावाला जाते. यंदा सुट्ट्या आणि धोंडा, दोन्ही एकावर एक आलं.

सुरुवातीला मला वाटलं, एक जाईल, एक येईल, निभेल. पण प्रत्येकीचं माहेर आपल्या सोयीचा दिवस धरतं आणि बोलवायच्या म्हणजे सगळ्या लेकी एका दिवशी बोलवायच्या. बीडवालीच्या चार बहिणी, त्या एकत्र जेवणार. जालन्यावालीच्या भावानं बोअर मारला होता, पाणी लागलं होतं, त्याला मोठं जेवण करायचं होतं. वैजापूरवालीचं माहेर सगळ्यात जवळ, ती म्हणाली मी रविवारी येतेच. तिघींचं जाणं एकाच आठवड्यात आलं. "आपलं इथं कोण हाय" म्हणणाऱ्या बायकांचं तिकडं केवढं गोत आहे, हे मला तेव्हा दिसलं. ताईनं आम्हाला इथल्या माणसांचे खडे मांडायला लावले होते. तिकडच्या माणसांचे मांडले असते तर ओटा पुरला नसता. आणि मधल्या खोलीतल्या बाईचा हात तिथंही रिकामाच राहिला असता.

बायकांनाही ते जाणवलं. वाईट वाटलं त्यांना. आणि वाईट वाटल्यावर त्यांनी काय केलं, तर तिला धोंडे जेवू घालायचे ठरवले.

"तिला कुणाचं बोलावणं नाय मावशी," बीडवाली म्हणाली. "जायच्या आधी आपणच करू. तुमच्या ओट्यावर. गल्लीच तिचं माहेर."

मी विचारलं, "तुम्ही गेल्यावर लेकराचं काय ते आधी ठरवा."

"तुम्ही हायतच की. आठ दिवसांचा तर सवाल हाय."

"माझे गुडघे बघितलेस?"

"आवं मावशी, लेकरू शहाणं हाय. बसतंय एका जागी."

जेवण बुधवारी दुपारी धरलं, कारण संध्याकाळपासून एकेकीच्या गाड्या होत्या. तिची त्या आठवड्यात पहिली पाळी होती. मी म्हणाले, तिला कामाला जाऊ द्या, ती तीन वाजता सुटते, त्यानंतर जेवा. त्यावर जालन्यावाली म्हणाली, "माहेरपणाला लेक कंपनीतनं घामानं येणार व्हय? खाडा करंल एक दिवस. धोंडे दुपारचेच असतात." ठेकेदाराचा नियम गल्लीत सगळ्यांना माहीत होता. महिन्याला दोन खाडे चालतात, तिसऱ्याला ब्रेक. एक खाडा म्हणजे काय ते सगळ्यांना कळत होतं. पण आठ दिवसांसाठी आपल्यातली एक मागं राहील, हे कुणाच्या मनात आलं नाही. सुपरवायझरला खोटं सांगायला मात्र तिघींनी तिला मदत केली.

जेवण चांगलं झालं, ते नाकारत नाही. पुरण बीडवालीनं शिजवलं होतं. प्रश्न जावयाचा आला. धोंडे जेवतो जावई, आणि जावयाचा पत्ता नाही. त्यावर अर्धा तास चर्चा झाली. शेवटी वैजापूरवालीनं तोडगा काढला. पूजेला नवरा हजर नसला की सुपारी ठेवतात, तशी पाटावर सुपारी ठेवली. सुपारीला कुंकू लावलं, तिच्यासमोर ताट वाढलं, वर तूप.

मी म्हणाले, "तिला पाणी विचारा. ठसका लागंल."

लेकरू सुपारीकडं बघून म्हणालं, "हे माझे पप्पा हायत?" आणि बायका हसता हसता एकदम थांबल्या. त्या बाईचं तोंड मात्र तसंच हसरं राहिलं. नवी साडी नेसली होती, गल्लीनं वर्गणी काढून घेतलेली, हिरवी. ती प्रत्येकीच्या पाया पडली. वयानं लहान असलेल्या जालन्यावालीच्यासुद्धा. मला म्हणाली, "मावशी, मला असं कुणी कधी बसवलं नव्हतं." मी म्हणाले, जेव आता, गार होतंय.

संध्याकाळी बीडवाली गेली. रात्रीच्या गाडीनं जालन्यावाली. गुरुवारी सकाळी वैजापूरवाली, तिचा नवरा जीप घेऊन तिच्याबरोबर, कारण जावई तोच. गल्लीत उरले एकट्या राहणाऱ्या पोरांच्या खोल्या, कोपऱ्यावरचा किराणावाला आणि मी. किराणावाल्याचीही बायको गेली होती.

गुरुवारी लेकरू दिवसभर माझ्याकडं होतं. खरंच शहाणं वागलं. दुपारी आई आली, सगळं ठीक होतं. संध्याकाळी मी मोरीत पाय धुवायला गेले, डोळ्यापुढं अंधारी आली आणि पडले. उजवं मनगट अंगाखाली आलं. मोडलं, ते आवाजावरूनच कळलं.

त्या बाईनं मला रिक्षात घातलं. रात्री दवाखान्यात नुसती पट्टी बांधली, सूज उतरल्याशिवाय प्लास्टर होत नाही म्हणाले, उद्या या. शुक्रवारी तिनं दुसरा खाडा केला. मी म्हणत होते, मी एकटी जाते. पण एका हातानं रिक्षात चढताही येईना. मुलाला फोन केला, तो म्हणाला, रविवारी निघतो. त्याची नोकरी आहे, त्याला मी दोष देत नाही.

शुक्रवारी संध्याकाळी आम्ही दोघी ओट्यावर बसलो आणि हिशेब लावला. रविवारी तिला सुट्टी. रविवारी वैजापूरवाली येणार. मधला एक शनिवार. तो एक दिवस लेकराला कुणीतरी सांभाळायचं होतं.

मी म्हणाले, "ठेव माझ्यापाशी."

तिनं माझ्या हाताकडं बघितलं. बोटं फुगून वांग्यासारखी झाली होती आणि गोळीनं माझी मान डुगडुगत होती. तिनं मोबाइल काढला.

संस्थेच्या ताईला फोन लावला. ती कुठल्याशा प्रशिक्षणाला बाहेरगावी होती. तिला खरंच वाईट वाटलं, हे आवाजात कळत होतं. म्हणाली, मी आपल्या ग्रुपवर टाकते. तिनं टाकलं, "शनिवारी एका बाळाला सांभाळायला कोणी उपलब्ध आहे का?" त्या बाईनं मला मोबाइल वाचून दाखवला. बीडवालीनं जोडलेले हात पाठवले होते. जालन्यावालीनं रडणारं तोंड. वैजापूरवालीनं लिहिलं होतं, "मावशी काळजी घ्या, हळद-दूध प्या." कुणी खोटं नव्हतं. प्रत्येकजण आपापल्या माहेरी पुरण वाटत होती आणि तिथून जेवढं करता येतं तेवढं करत होती.

मग तिनं भावाला फोन लावला. तो मेंढरांबरोबर कुठल्या तरी माळावर होता. आवाज तुटत होता, मागं कुत्री भुंकत होती. तो म्हणाला, "मी निघालो तरी परवा पोचन. मेंढरं कुणाच्या जीवावर सोडू?" ती म्हणाली, "नको दादा, असू दे. मी सहजच केला." फोन ठेवल्यावर मला म्हणाली, "त्याला हिरवी साडी सांगायची राहिली."

तिसरा खाडा केला असता तर काम जात होतं. काम गेलं तर खोली, खोली गेली तर इथली शाळा, मग लेकरू आपोआपच सासूकडं. कडी लावून जावं तर उन्हाळा. पत्र्याच्या खोलीत दुपारी मोठ्या माणसाला बसवत नाही. एकट्या पोरांच्या हवाली लेक करायची नाही, हे मी तिला सांगायची गरज नव्हती. असं एकेक दार लागत गेलं आणि शेवटी तिनं सासूला फोन केला. सासूला म्हणाली, "तुम्ही एक दिवस येऊन बसता का?" सासू म्हणाली, "मी कशाला बसू दुसऱ्याच्या ओट्यावर? लेक आलीय माझी धोंड्याला, जावई आलाय. सकाळी दीर येईल, लेकराला घेऊन जाईल. सोमवारी आणून सोडील."

शनिवारी उजाडायच्या आत दीर मोटरसायकलवर आला. वाईट माणूस नाही तो. माझ्या हाताची चौकशी केली. लेकराला पुढं टाकीवर बसवलं. लेकरू खूश, त्याला मोटरसायकल मिळाली. आईनं पिशवीत दोन फ्रॉक भरले. दोनच. जास्त भरले तर जास्त दिवस राहील, असं तिला वाटलं असावं.

रविवारी वैजापूरवाली आली नाही. आईनं अडवलं म्हणे, पाच दिवस उशिरा आली. माझा मुलगा आला, मला पुण्याला चला म्हणाला, मी गेले नाही, दोन दिवस राहून गेला. सोमवारी लेकरू आलं नाही. सासू म्हणाली, आत्याला लळा लागलाय, तिला जाऊ दे. आत्या गेल्यावर म्हणाली, म्हातारी पडली तुझी, तिथं सांभाळणार कोण, महिना होऊ दे. मग धोंड्याचा महिना संपला, शाळा उघडल्या, आणि दिरानं लेकराचं नाव तिथल्या शाळेत पहिलीत घातलं. आईला विचारलं नाही. बापाचं आधार कार्ड त्यांच्याकडं होतंच.

बायका एकेक करून परत आल्या. कुणी अनारसे आणले, कुणी पापड. लेकरू दिसेना म्हटल्यावर ओट्यावर आवाज चढला. ताईही आली. ती म्हणाली, कायद्यानं आईचाच हक्क आहे, आपण वकिलाला विचारू. खरं असेल. पण कायदा आणायला कोर्टात जावं लागतं आणि कोर्टात जायला खाडे लागतात. बीडवाली म्हणाली, "वकील कशाला? आपणच जाऊ. समद्या गेलो तर म्हातारी काय खाणार हाय का आपल्याला?"

एका रविवारी वैजापूरवालीच्या नवऱ्याच्या जीपमध्ये आम्ही निघालो. तिघी, ती बाई आणि प्लास्टर काढलेला माझा हात. छावणी, पडेगाव मागं पडेपर्यंत बायका जोरात होत्या. कोण काय बोलणार ते ठरवत होत्या. बीडवाली म्हणाली, मी हात धरून उचलूनच आणते लेकराला. पुढं डोंगर दिसायला लागला तशा पदर सारखे करायला लागल्या.

सासू दारात खाटेवर बसली होती. माझ्याच वयाची. आम्ही उतरलो तरी उठली नाही, भांडलीही नाही. "बसा. लांबनं आलात," म्हणाली. थोरल्या सुनेला चहा टाकायला सांगितला. लेकरू जावेच्या मांडीवर होतं, दोन वेण्या घातलेल्या, लाल रिबिनी. आईला बघून पळत आलं, बिलगलं आणि पहिलं काय विचारलं तर, "आज फस्ट का सेकंड?"

"आज सुट्टी," आई म्हणाली.

सासूनं आमच्यावरून नजर फिरवली आणि धाकट्या सुनेला विचारलं, "ह्या कोण म्हनायच्या तुझ्या?"

"गल्लीतल्या हायत. आमचा गट हाय."

"इतक्या?" सासू म्हणाली. "मग त्या दिशी एक बी नव्हती व्हय?"

बीडवालीनं तोंड उघडलं. "आम्ही धोंड्याला गेलो होतो, आजी."

"जायाचंच की. बोलावणं आल्यावर लेकीनं जायाचंच. मी बी माझ्या लेकीला बोलावलं. त्यात तुमचं काय चुकलं?" तिनं पदरानं तोंड पुसलं. "म्हनून तर म्हनते. जिथं सणावाराला घरं रिकामी होतात, तिथं लेकरू ठिवत नसतात. हितं बघा, मी कुठं जाती? शेजारच्या घरातली माझी जाऊबाई कुठं जाती? हितं कुणीतरी असतंच."

मी तिथं जायच्या आधी मनात चार वाक्यं तयार केली होती. तिला विचारणार होते की पोरगा तुझा पळाला, त्याचं काय. विचारलंही. ती म्हणाली, "पळाला. म्हनून नातीला सोडू?" तिच्या जागी मी असते तर मीही हेच बोलले असते, आणि हे मला तिथं खाटेच्या कडेला बसून कळत होतं. वैजापूरवाली मोबाइलमध्ये बघत बसली. जालन्यावाली लेकराचा फ्रॉक उसवला होता तो हातात धरून बघत होती, सुईदोरा असता तर तिथंच टाके घालायला बसली असती.

चहा आला. आम्ही प्यायलो. लेकराला घेऊन जातो, असं कुणी म्हणालं नाही. आईनं लेकराच्या वेण्या सोडल्या, परत घातल्या, होत्या तशाच. मग जावेनं हाक मारली, शेळी व्यायली होती, पिल्लं बघायला लेकरू पळालं. तेवढ्यात निघायचं ठरलं, म्हणजे रडारड नको. जीपमध्ये बसेपर्यंत ती बाई गोठ्याकडं बघत होती. तिकडून लेकराचा हसण्याचा आवाज येत होता.

येताना बीडवाली रडली. मधल्या खोलीतली बाई रडली नाही. तिनं बीडवालीला रुमाल दिला.

गट अजून चालू आहे. दर पंधरा दिवसांनी ओट्यावर बसतात. आता कुणी माहेरी निघाली तर आधी सांगते, असा नियम केलाय. जालन्यावालीचं दुसरं बाळंतपण झालं तेव्हा बाजेपासून धुण्यापर्यंत सगळं गल्लीनं केलं. मधल्या खोलीतल्या बाईनं त्यात सगळ्यात जास्त केलं. तिच्याकडं आता रिकामी दुपार असते. कुणाचंही लेकरू तिच्याकडं आणून बसवतात, ती कुरकुर करत नाही. महिन्यातून दोनदा रविवारी सासरी जाऊन येते. लेकरू आता तिला शाळेतलं सांगतं आणि जावेला आई म्हणतं. तिला मम्मी म्हणतं.

परवा मी भाकरी करत होते, ती चुलीपाशी बसून मेथी निवडत होती. मी म्हणाले, "सोड ही खोली. जा तिकडं. लेकराजवळ तरी राहशील."

ती म्हणाली, "लेकरू ठिव म्हणतात मावशी. तू ऱ्हा, असं एकदा तरी म्हणाल्या का?"

तव्यावरची भाकरी उलटायची होती. मी ती उलटली. हात अजून नीट वळत नाही, ती दुमडली. तिनं निवडलेली मेथी माझ्याकडं सरकवली आणि उठली. तिची दुसरी पाळी होती.